काशीचं विरजण : कोठीपोटाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

गेल्या गाळप हंगामात चार जनावरं अशी झाली, की ज्यांचं दुखणं मी उतरवलं आणि तरी ती आठवडाभर गव्हाणीकडे बघायला तयार नव्हती. ताप नाही, डोळे स्वच्छ, शेण येतंय, पण रवंथ नाही. मालक विचारायचा, "डॉक्टर, मग खात का न्हाई?" मी "खाईल हळूहळू" म्हणून गाडीला किक मारायचो.

उत्तर कॉलेजात पाठ केलेलं होतं. कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या चार पोटांतल्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या पोटात, चारा पडलेला असतो, पण तो फोडणाऱ्या सूक्ष्म जीवांची वस्ती मेलेली असते. आपण पोटात चढलेलं आम्ल मारतो, वस्ती पुन्हा बसवत नाही. ती आपोआप बसेपर्यंत दूध आटतं आणि मालकाचा माझ्यावरचा विश्वासही.

या हंगामात ती वस्ती डोळ्यांनी बघायची आणि जमलं तर एका जनावरातून दुसऱ्यात न्यायची असं ठरवलंय. सामान जमवलं: पोटाची नळी, हातपंप, पीएच पट्ट्या (आम्ल मोजायला; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), मिथिलीन ब्लू हा निळा रंग, पातळ मलमल, दोन थर्मास. सूक्ष्मदर्शक कॉलेजच्या वेळचा, आरशावर चालणारा. त्याच्या पेटीत पालीनं अंडी घातली होती. कोठीपोटातला रस देणारं जनावर म्हणून घरची पंढरपुरी म्हैस, काशी. वय सात, तिसरं वेत. तिचं रक्त ब्रुसेला आणि जोन्स या संसर्गी रोगांच्या तपासणीसाठी पाठवलंय, क्षयाची चाचणीही करून घेतली. एकाचं पोट दुसऱ्यात ओतायचं तर रोगही ओतला जाऊ शकतो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "जनावराचं उष्टं जनावराला पाजणार? आणि त्यासाठी डॉक्टर झालास?"

७ नोव्हेंबर

अहवाल आले, काशी स्वच्छ. आज पहिला नमुना.

खोड्यात उभी केली, तोंडात लाकडी अडकण, नळी घशातून खाली. पहिला रस पट्टीवर टाकला तर पीएच ८ च्या आसपास. मी चकरावलो. मग लक्षात आलं, ही तर लाळ! नळी बघून तोंडाला सुटलेली लाळ सगळी तिच्यात उतरली होती. पहिला पाव लिटर फेकला, नळी आणखी हातभर आत सारली, पुन्हा ओढलं. आता आला तो खरा: शेवाळी हिरवा, किंचित दाट, वास आंबूस पण चांगला, मुरलेल्या चाऱ्यासारखा. पीएच ६.५.

स्लाईड आधी हाताच्या तळव्यात धरून कोमट केली. थंड काचेवर हे प्राणी दोन मिनिटांत मरगळतात. थेंब ठेवला, काचपट्टी ठेवली, डोळा लावला.

गर्दी. एसटी स्टँडवर गणपतीच्या आदल्या दिवशी असते तशी. बारके अंडाकृती जीव, एका टोकाला केसांचा झुबका, त्यानं पाणी ढवळत गरागरा फिरतायत, हे एंटोडिनियम. त्यांच्यातून मोठे, अंगभर केसाळ आयसोट्रायका संथपणे जातात, भरल्या बैलगाडीसारखे. एकाच्या पोटात चाऱ्याचा हिरवा तुकडा सरळ दिसत होता. पुतण्या सोहम (नववी) डोळा काढायलाच तयार नाही. "काका, हे काशीला चावत नाहीत?"

त्याला टिंक्चर आयोडिनचा एक थेंब कडेनं सोडायला दिला. ज्यांनी भरड्यातला स्टार्च गिळला होता त्यांच्या पोटात निळे-काळे ठिपके उमटले. "म्हणजे आपण टाकलेली पेंड हेच खातात?" बरोबर पोहोचला.

यांच्या मागं जे आहेत ते माझ्या या भिंगात धड दिसतही नाहीत. एका मिलिलिटर रसात एक ते दहा लाख प्रोटोझोआ (म्हणजे हे एकपेशी जीव), पण जिवाणू एक हजार कोटींच्या घरात. आणि काशीच्या कोठीपोटात शंभरेक लिटर माल आहे. सोहमनं कॅल्क्युलेटर काढला. आकडा पडद्यात मावेना तेव्हा ठेवून दिला.

८ नोव्हेंबर

मिथिलीन ब्लूची चाचणी. वीस मिलि रसात एक मिलि निळं टाकून परीक्षानळी कोमट पाण्यात उभी केली. जिवंत जिवाणू त्या रंगाचा ऑक्सिजनसारखा वापर करतात आणि रंग उडतो. चांगल्या पोटाला तीन ते सहा मिनिटं लागतात. काशी: चार मिनिटं. निळं वरती कडेला एका रेघेपुरतं उरलं, कारण तिथं हवा लागते. बाकी नळी पुन्हा हिरवी.

गोठ्यात करण्याजोगी याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही. खर्च एका रुपयाच्याही आतला.

११ नोव्हेंबर

आज फोन कमी. वाचत बसलो.

हे प्रोटोझोआ पहिल्यांदा पाहिले ते पॅरिसमध्ये ग्रुबी आणि डेलाफों यांनी, १८४३ साली. लुई पाश्चर तेव्हा विद्यार्थी होता! म्हणजे जंतू म्हणजे रोग हे समीकरण पक्कं व्हायच्या आधीच पोटातले भाडेकरू दिसले होते. पुढं अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी ऑक्सिजनचा लवलेशही लागू न देता नळीच्या आतल्या भिंतीवर जिवाणू वाढवायची युक्ती काढली, तेव्हा कुठं कोण काय करतं ते कळायला लागलं. आणि १९७५ साली इंग्लंडच्या कॉलिन ऑर्पिननं दाखवलं, की मेंढीच्या कोठीपोटातले शेपटीवाले 'प्रोटोझोआ' म्हणून मोजले जाणारे काही जीव बुरशीचे फिरते बीजाणू आहेत. हवेशिवाय बुरशी जगत नाही, असं तोवर सगळे छातीठोकपणे सांगायचे. ती बुरशी कडब्याच्या धाटात मुळं घालून तो आतून उकलते, मग जिवाणूंना शिरायला वाट होते.

व्यवहार असा आहे. कडब्यातलं सेल्युलोज फोडण्याचं विकर म्हशीच्या अंगात तयारच होत नाही; गाईच्याही नाही, आपल्याही नाही. ते जिवाणू आणि बुरशी करतात. त्यातून त्यांच्याकडून जी आम्लं सुटतात, ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक, ती कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात. म्हशीला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग या आम्लांचा. ॲसिटिकपासून दुधाचं फॅट बनतं. शिवाय रोज त्यांच्यातले कोट्यवधी वाहत चौथ्या पोटात जातात आणि तिथं पचतात. जनावराला मिळणाऱ्या प्रथिनांत मोठा वाटा त्यांचाच. पाळायचं, राबवायचं आणि शेवटी खायचं. भागीदारी म्हणावी तर अशी.

बदल्यात म्हैस काय देते? ३९ अंशांची ऊब, दिवसरात्र. हवाबंद अंधार. दळून दिलेला चारा, तोही पुन्हा पुन्हा. आणि लाळ. मोठं जनावर दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळतं आणि तिच्यात खायच्या सोड्याचाच क्षार असतो. सात तारखेला मी ज्या लाळेला शिव्या घातल्या, तीच या सगळ्याचं आम्ल मारत असते. रवंथ थांबला की लाळ घटते, लाळ घटली की आम्ल चढतं.

१८ नोव्हेंबर

कारखाने सुरू. तोडीच्या टोळ्या आल्या, बैलगाड्या आल्या, आणि गावात वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, भारे. आज तीन घरी एकच तक्रार: दूध कमी, जनावर गळाठलंय. तिन्ही घरी कडबा एका दिवसात बंद करून नुसतं वाढं सुरू केलेलं.

वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणून जुनी माणसं वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात. ती शंभर टक्के बरोबर आहेत. पण दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. कोठीपोटात ऑक्झलेट खाऊन जगणारा एक जिवाणू असतो, ऑक्झॅलोबॅक्टर; १९८५ साली त्याचं बारसं झालं. वाढं हळूहळू वाढवत नेलं तर तोही वाढतो आणि जनावर पुष्कळ ऑक्झलेट सोसतं. एकदम दिलं तर त्याची फौज तयारच नसते.

तिन्ही घरी तेच लिहून दिलं: निवळी चालू ठेवा, पहिल्या दिवशी चौथा हिस्सा वाढं, पूर्ण बदलाला दोन आठवडे. एक मालक म्हणाले, "म्हंजे सुनंला रुळायला येळ द्यायचा तसं." त्यांची सून मागंच शेण काढत होती. ती काही बोलली नाही.

२३ नोव्हेंबर, रात्री साडेअकरा

वस्तीवर लग्न होतं. उरलेला भात आणि बुंदी गोठ्याशेजारी पाटीत ठेवलेली. नानांची एचएफ (होल्स्टिन) संकरित गाय दावं तोडून पोचली. संध्याकाळी सहाला खाल्लं, मला फोन दहाला.

डावी भकाळी तट्ट, मूठ दाबली तर आत पाणी हिंदकळल्यासारखं. पोटाची हालचाल नाही. दात खातेय. नळीतून आला तो रस राखाडी, दुधाळ, वास दह्याच्या कुजक्या पाण्याचा. पीएच ५ च्या खाली. टॉर्चच्या उजेडात स्लाईड पाहिली: एकही हलता जीव नाही. केसाळ मोठे तर फुटून गेलेले, नुसत्या कातड्या.

झालं ते असं. भाताचा स्टार्च सगळ्यात झटपट खातो तो स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस. एरवी तो गर्दीतला एक. फुकटचा माल मिळाला की तो लॅक्टिक आम्लाचा पूर आणतो, आणि त्या पुरात शेजारी मरतात. लॅक्टिक खाऊन टाकणारे मेगॅस्फेरासारखे जिवाणू आहेत, पण त्यांची वाढ संथ, त्यांना इतका वेळच मिळत नाही.

कोमट पाण्यानं पोट तीनदा धुतलं, सोडा दिला, शिरेतून सलाईन. आता घरी. सकाळी काशीचा रस.

२४ नोव्हेंबर

चूक नोंदवतो, कारण ती माझी आहे.

पहाटे काशीचा तीन लिटर रस काढला, मलमलीतून गाळला, थर्मासमध्ये भरला, गाईला पाजला. संध्याकाळी काहीच फरक नाही. घरी येऊन थर्मासच्या तळाशी उरलेला थेंब पाहिला तर सगळे मेलेले. आईला विचारलं. तिनं थर्मास "निर्जंतुक असावा म्हणून" उकळतं पाणी भरून ठेवला होता, आणि मी घाईत तो ओतून लगेच रस भरला. शिवाय थर्मास अर्धाच भरलेला, म्हणजे वर हवा. मी गाईला काशीच्या पोटातल्या जंतूंचं सूप पाजलं. आई म्हणाली, "जंतू मारू नयेत असं आधी सांगायचं."

रात्री पुन्हा. थर्मास कोमट पाण्यानं विसळला, तापमान मोजलं, रस काठोकाठ भरला, झाकण लावायच्या आधी एक थेंब भिंगाखाली पाहिला. जिवंत. वीस मिनिटांत नानांच्या गोठ्यात. पुस्तकं आठ-दहा लिटर म्हणतात. काशीकडून मला चारच लिटर निघाला. गाईच्या पोटाचा पीएच तोवर सोड्यानं ६ वर आलेला होता. त्याआधी पाजला असता तर नवी वस्तीही त्याच आम्लात मेली असती.

नानांना म्हटलं, ही युक्ती माझी नव्हे. स्वीडनमध्ये १७७६ साली निरोगी गाईच्या तोंडचा रवंथ आजारी गाईला भरवल्याची नोंद आहे. नाना म्हणाले, "ते राहू दे. ही उठंल का?"

२६ नोव्हेंबर

सकाळी कडब्याच्या चार काड्या ओढल्या. दुपारी साडेतीनला नानांचा फोन, नुसतं एवढंच: "चघळतीया."

गेलो. शेजारी उकिडवा बसून मोजलं. एका घासाला बावन्न वेळा जबडा फिरवला, गिळला, थोडा दम घेतला, दुसरा घास गळ्यातून वर येताना दिसला. पन्नास-साठ म्हणजे छान. एखादं भजन ऐकावं तसे मी आणि नाना ते ऐकत बसलो होतो.

स्लाईड: एंटोडिनियम आले, बऱ्यापैकी. मोठे केसाळ तुरळक. निळं उडायला नऊ मिनिटं.

एका गाईवरून काही सिद्ध होत नाही. ती सोड्यानंच बरी झाली असती असंही म्हणता येईल. पण गेल्या वर्षीच्या चार जनावरांना आठवडा लागला होता आणि हिला रस पाजल्यापासून दोन दिवस.

९ डिसेंबर

जिथं डेअरीला गाईचं दूध जातं तिथं फॅट ३.५ च्या खाली गेलं की दर कापतात. आज एक तरुण शेतकरी पावत्या घेऊन आला: फॅट ३.१, ३.०, ३.१. भेसळीचा संशय घेतात म्हणून चिडलेला. गोठा पाहिला. आठ किलो गोळी पेंड, आणि कडबा कुट्टी इतकी बारीक की पीठच. रवंथ करायला आत काही टोचतच नाही. लाळ कमी, पीएच ५.७, आयसोट्रायका नाहीत. धाट फोडणारे जिवाणू आम्लात मागं पडतात, ॲसिटिक घटतं, फॅट घटतं. भेसळ त्यानं केली नव्हती, पण दुधाचा धंदा पेंडीवर चालतो असं त्याला कुणीतरी पटवून दिलं होतं.

कुट्टी बोटभर लांबीची करायला सांगितली, पेंड चार वेळांत वाटून. पेंड निम्मी कर म्हटलं तर दूध घटेल म्हणून त्याचा जीव होईना. बघू.

१४ डिसेंबर

वासरांची नोंद. सोहमचं काम, लिहितोय मी.

नव्या जन्मलेल्या वासराचं कोठीपोट चौथ्या पोटापेक्षाही लहान असतं, आणि त्यात कुणीच नसतं. दूध तर तिथं जातही नाही. अन्ननलिकेच्या शेवटी एक पन्हाळ मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरतं. मग वस्ती येते कुठून? जिवाणू चाऱ्यातून, गोठ्यातून, आईच्या अंगावरून येतात. प्रोटोझोआ मात्र हवेत, धुळीत टिकत नाहीत. त्यांना ओलं तोंड ते ओलं तोंड अशीच वाट लागते: आई चाटते, एकाच गव्हाणीत तोंड घालते, रवंथाची लाळ वासराच्या तोंडाला लागते.

सोहमनं दोन वासरं निवडली. एक काशीचं रेडकू, अडीच महिन्यांचं, आईपाशीच बांधलेलं. दुसरं एका मोठ्या गोठ्यातलं, त्याच वयाचं, जन्मल्या दिवसापासून वेगळ्या पिंजऱ्यात, बाटलीवर वाढलेलं. रेडकाच्या रसात एंटोडिनियम भरपूर. पिंजऱ्यातल्या वासराच्या चार स्लाईड पाहिल्या, एकही नाही. वासरू तसं ठणठणीत आहे. प्रोटोझोआवाचून जनावर जगतं. पण फरक इतका उघडा दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

आई मागून बघत होती. तिलाही डोळा लावायला दिला. बराच वेळ बघून म्हणाली, "म्हणजे चाटते ती यासाठी."

३ जानेवारी

बांधावरची सुबाभूळ शेळ्यांना घालू का, असा प्रश्न आज दोघांनी विचारला. आपल्याकडे हे झाड १९७० च्या दशकात उरुळी कांचनच्या बाएफनं, मणिभाई देसाईंच्या संस्थेनं, चारा म्हणून गावोगाव नेलं. पाल्यात प्रथिनं उत्तम, पण मिमोसिन नावाचं विष. जास्त खाल्लं तर केस गळतात. कोठीपोटात त्याचं डीएचपी होतं आणि ते थायरॉईडला मारतं.

ऑस्ट्रेलियात यामुळं गुरांना गलगंड होत होता. तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचे रेमंड जोन्स हवाईला गेले, तर तिथल्या शेळ्या तोच पाला पोटभर खाऊन मजेत. शेळी तीच, झाड तेच. वेगळं होतं ते कोठीपोट: डीएचपी खाणारा एक जिवाणू हवाईच्या शेळ्यांत होता, ऑस्ट्रेलियात नव्हता. १९८० च्या दशकात तो रस ऑस्ट्रेलियात नेऊन पाजला आणि विषबाधा थांबली. कळपातल्या काहींना पाजलं तर बाकीच्यांना तो बरोबर चरता चरता मिळाला. १९९२ साली त्याला नाव दिलं ते सिनर्जिस्टिस जोन्सी, त्यांच्याच नावावरून. दोन देशांच्या शेळ्यांत एका जिवाणूचा फरक निघावा, आणि तो बाटलीतून विमानानं यावा! मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत आवडते.

दोघांना सांगितलं: एकूण चाऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत घाला, हळूहळू, आणि केसांवर लक्ष ठेवा.

१९ जानेवारी

शेळी, गव्हाचं पोतं फोडून खाल्लेलं. रात्रीत. मला सकाळी आठला बोलावलं तेव्हा आडवी पडलेली, अंग गार. पीएच पट्टी ४.५ च्या रंगावर. नळी काढतानाच गेली.

काशीचा रस थर्मासमध्ये तयार होता. माणसं त्याच्याकडे बघत होती. पाजलाच नाही, मेलेल्याच्या तोंडात तीर्थ घातल्यासारखं झालं असतं.

२ फेब्रुवारी

पेंडवाला तरुण आला. फॅट ३.४, ३.५. पेंड त्यानं निम्मी केलेली नाही, पण चार वेळांत वाटली आणि कुट्टी लांब केली. पीएच ६.१. आयसोट्रायका? दोन दिसले. मी दोनाचे चार सांगितले नाहीत.

आतापर्यंत सात जनावरांना रस पाजला. पाच तीन दिवसांच्या आत रवंथ करू लागली. एक जनावर आठवड्यानं, म्हणजे आमच्या रसाविनाही तेवढ्यातच लागली असती. एकीच्या पोटात तार निघाली, तिचा या विषयाशी संबंधच नव्हता. ती मी आधी ओळखायला हवी होती. काशीकडून आठवड्याला एकदाच काढायचं असं ठरवलंय. खोडा दिसला की ती आता मान फिरवते.

८ फेब्रुवारी

दुपारी घरी आलो तर दारात सुमन वैनी, हातात स्टीलचा डबा. त्यांच्या गाईला गेल्या आठवड्यात कुणीतरी तोंडातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आठ दिवस चारल्या. आता खात नाही. आईला म्हणत होत्या, "आक्का, तुमच्या काशीचं जरा इरजान द्या की."

मी नाव शोधत तीन महिने घालवले. रस, द्राव, संक्रमण. वैनींनी येताना वाटेत बनवून आणलं.

आईनं डबा परत केला, आत जाऊन थर्मास आणला, कोमट पाण्यानं विसळला, बोट घालून पाहिलं. मग मला म्हणाली, "नळी आण." आणि वैनींना: "काठोकाठ भरून देतो. वाटेत कुणाशी बोलत थांबू नका, थंड होतं."

वैनींच्या गाईचा पीएच उद्या सकाळी. आज निळं उडालं नाही, पंचवीस मिनिटं वाट पाहिली.